उशिरा धडधडणारं काळीज

पन्नाशी ओलांडल्यावर मी गाडी शिकायला निघाले, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. शिकवणारी बाई माझ्याहून सात वर्षांनी लहान. काटकुळी, चपळ, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणं, नाकातोंडावर मास्क. गाडीत बसायच्या आधीच तिनं मला विचारलं,

"सर्दी-खोकला काही?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही बाई. मी गाडी शिकायला आलेय, दवाखान्यात भरती व्हायला नाही."

ती हसली, पण दाराला हात लावू दिला तो माझे हात धुऊन झाल्यावरच. तिच्या विद्यार्थ्यांनी तिला 'दुसरा ब्रेक' असं नाव ठेवलं होतं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. तिचा पाय सतत त्याच्यावर, आणि तोंड सतत चालू. एका जागी दोन मिनिटं शांत बसणं तिला जमायचं नाही. सिग्नलला थांबलो तरी बोटांनी मांडीवर ताल धरायची.

चौथ्या दिवशी मी वळणावर आरसा न बघता गाडी घातली आणि मागून उजव्या अंगानं सिमेंटचा ट्रक आला. तिनं ब्रेक दाबला. वीतभर अंतरावर थांबलो. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला, आणि ही बाई दगडासारखी शांत. "आरसा शोभेला नसतो हं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, काय बाईचं काळीज आहे!

तिथून पुढं स्टेडियमच्या मागच्या मोकळ्या रस्त्याला लागलो. पाच-सहा मिनिटं झाली असतील. एकदम म्हणाली, "बाजूला घ्या." मी घेतली. तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. आत्ता आली."

"कोण?"

"मघाची भीती. माझ्याकडे उशिरा पोचते."

तिच्या छातीतलं हृदय तिचं नव्हतं. बसवून अकरावं वर्ष चालू होतं. हृदय बदलताना मेंदूकडून त्याच्याकडे जाणाऱ्या नसा कापाव्याच लागतात, त्या पुन्हा धड जुळत नाहीत. त्यामुळे 'ट्रक आला' हा निरोप रक्तातून, पायी चालल्यासारखा जातो. पोचला की मग धडधड सुरू होते, आणि तोवर ट्रक केव्हाच गेलेला असतो.

त्या दिवसापासून मी गाडी कमी आणि तिची गोष्ट जास्त शिकले. इथं सांगते ती तिनं मला वळणावळणांवर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली, आणि थोडी तिच्या नवऱ्याकडून कळलेली.

एकोणतिसाव्या वर्षी तिला मुलगी झाली. त्यानंतर दोन महिन्यांत तिला जिना चढवेना, आडवं पडवेना, पावलं सुजून चपलेत मावेनात. जो तो म्हणायचा, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल. तो गेला नाही. हृदय फुगून ढिलं पडलं होतं. काही बायकांना बाळंतपणात असं होतं, बऱ्याचजणी सावरतात. ही सावरली नाही. चार वर्षं गोळ्यांवर काढली, शेवटचं दीड वर्ष तर यादीत नाव लावून वाट बघण्यात. बाळंतपणामुळे तिच्या रक्तात परक्या पेशींशी भांडणारी द्रव्यं तयार झाली होती, त्यामुळे जुळणारं हृदय मिळायला वेळ लागला.

"ज्या बाळंतपणानं हृदय घालवलं, त्याच बाळंतपणानं दुसरं मिळायलाही आडकाठी केली," ती म्हणाली. "लेकीला मात्र सांगितलेलं नाही. आधीच ती सगळं अंगाला लावून घेते."

दुपारी मटार सोलत बसलेली असताना फोन आला. हृदय देणारा माणूस पस्तिशीच्या आतला, दोन तासांच्या अंतरावरचा, याहून जास्त तिला आजही माहीत नाही. शुद्धीवर आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय तरुण आहे, शरीराबाहेर फार वेळ राहिलं नाही, मापाचं आहे. तीन गोष्टी तुझ्या बाजूच्या. इथून पुढचं बरंचसं तुझ्या हातात."

"किती वर्षं?"

"अर्धी माणसं बारा-तेरा वर्षांच्या पुढं जातात. काही पंचवीसच्याही."

"आणि उरलेली अर्धी?"

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. कमी बोलणारा, एका रेषेत चालणारा माणूस. तो म्हणाला, "आधी जेवणाच्या वेळा सांगा." डॉक्टर सुटले.

पुढचं हातात होतं ते असं. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, बारा-बारा तासांनी गोळ्या, कारण शरीर त्या हृदयाला पाहुणाच समजतं, संधी मिळाली की हुसकायला बघतं. गोळ्यांनी शरीराची ती खोड दबते, पण त्याबरोबर सर्दी-तापाशी लढायची ताकदही दबते. म्हणून मास्क. उन्हानं कातडीला कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, म्हणून लांब बाह्या. मूत्रपिंडं थकतात, म्हणून पाण्याची बाटली. एका विद्यार्थ्यानं पास झाल्याच्या आनंदात झाडाची पपनसं आणून दिली, तर ती सगळी शेजाऱ्यांना वाटावी लागली. पपनसानं गोळीचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढतं. "आंबट खायचं वय गेलं म्हणून मनाची समजूत काढली," ती म्हणाली.

पायाला भिंगरी आधीपासून होतीच. त्यात हे नवं हृदय नुसतं बसल्या जागी मिनिटाला पंच्याण्णव ठोके मारायचं. त्याला सावकाश चालवणारी नसही कापलेली. आतून कुणीतरी 'चल, चल' म्हणत असल्यासारखं तिला वाटायचं, आणि तिला कुठं जायचं ते कळायचं नाही.

तिच्यामागून दोन दिवसांनी, शेजारच्याच खोलीतल्या दुसऱ्या एका माणसाचं हृदय बदललं. हा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, लग्न न केलेला, थोरल्या बहिणीबरोबर राहणारा. जंतुसंसर्गानं त्याचं हृदय वर्षभरात गेलं होतं. दोघांना एकाच आठवड्यात नवा जन्म मिळाला म्हणून सिस्टर त्यांना 'जुळे' म्हणायला लागल्या. तो तिला 'धाकटे' म्हणायचा, ती त्याला नुसतं 'पेंटर'.

पहिल्यांदा बोलले ते सलाईनच्या दांड्या ढकलत व्हरांड्यात चालताना. तो दाराशी थांबून वर बघत होता. दारावर 'अतिदक्षता विभाग' असं लिहिलेलं होतं.

"त्या 'क्ष'चं पोट सुटलंय," तो म्हणाला. "मेलो असतो तर हे अक्षर बघत मेलो असतो."

तिला हसू आलं, टाके ओढले गेले, सिस्टर ओरडल्या. त्या दिवसापासून गट्टी.

पहिलं वर्ष दोघांनी मिळून काढलं. मानेच्या शिरेतून बारीक चिमटा आत घालून हृदयाचा कण काढायचा आणि शरीर त्याच्यावर हल्ला करतंय का ते बघायचं, हे पंधरा-पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. तिसऱ्या महिन्यात हिच्यात थोडा हल्ला सापडला. औषध वाढवलं, तोंड चंद्रासारखं गोल झालं. चार वर्षांची लेक दारात उभी राहून म्हणाली, "ही नको, आधीची आई आणा." पेंटरनं वर्तमानपत्राच्या कडेवर दोघांची चित्रं काढली, दोन फुगे, हातात हात घालून. चित्र छान होतं, पण रेघ कापत होती.

तिच्या ते तेव्हाच लक्षात आलं. गोळीनं हात थरथरतो. हिचाही थरथरायचा, पण स्टिअरिंग धरायला तेवढ्यानं काही बिघडत नाही. पेंटर केसासारखी बारीक रेघ एका श्वासात ओढायचा. गावातल्या निम्म्या जुन्या पाट्या त्याच्या. आता कप अर्धाच भरून घ्यायला लागला. तपासणीच्या दिवशी त्यानं एका तरुण डॉक्टरला सांगितलंही. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "चालायचंच. जीव वाचलाय ना?"

पेंटर "हो" म्हणाला. त्यानंतर दवाखान्यात त्यानं हाताचा विषय काढला नाही.

सहावं वर्ष सरत आलं होतं. एका सकाळी एक कॉलेजची मुलगी गाडी चालवत होती आणि चौकात सिग्नल लाल होता. कोपऱ्यावर वाद्यांचं नवं दुकान उघडलं होतं. त्याची पाटी हिनं बघितली आणि बघतच राहिली. गर्द निळ्यावर पांढरी अक्षरं, प्रत्येक वळण एका झटक्यात घेतलेलं, खाली सोनेरी रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी बारीक. खाली कोपऱ्यात पेंटरची खूण.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. मुलगी म्हणाली, "मॅडम, जाऊ?"

आधी तिला आनंद झाला. वा रे पेंटर! मग आठवलं. दीड महिन्यापूर्वी तपासणीच्या दिवशी त्याच्या हातातला कप बशीवर वाजत होता. तिनं स्वतः ऐकला होता. तो हात ही रेघ ओढूच शकत नाही.

त्या दिवशी तिनं तीन विद्यार्थ्यांना उगीचच्या उगीच ब्रेक मारून घाबरवलं. दुपारचा वर्ग रद्द केला आणि पेंटरच्या घरी गेली.

तळमजल्यावरची खोली, टर्पेंटाईनचा वास, भिंतीला टेकवलेले पत्रे. थोरली बहीण बाहेर कपडे वाळत घालत होती. पेंटर एका लांब फळीवर नावं लिहीत होता. एका शाळेच्या सभागृहात लावायला, पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची, चौसष्ट नावं.

"वाद्यांच्या दुकानाची पाटी बघितली," ती म्हणाली.

"कशी झालीय?"

"तुझा हात दाखव."

"धाकटे, काम चालू आहे."

"दाखव."

त्यानं ब्रश ठेवला आणि हात पुढं केला. पाचही बोटं स्थिर. ती त्या बोटांकडे बघत राहिली.

"कधीपासून?"

त्यानं रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं. "पाटीचं काम असलं की दोन दिवस आधी सोडतो. काम झालं की पुन्हा सुरू. रक्त द्यायच्या आधीचे पाच दिवस अगदी घड्याळ लावून घेतो. रिपोर्ट चोख येतात."

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष."

"मरशील, गाढवा!"

"हळू बोल. ती बाहेर आहे." त्यानं दाराकडे बघितलं. "तुला नाही कळणार. तुझी गाडी थरथरत्या हातानं पण चालते. मला एक माणूस पाटी पुसून पुन्हा करायला सांगून गेला, माझ्या तोंडावर. चाळीस वर्षांचा होईपर्यंत मी या हातावर जगलो. आता हा हात नसेल तर ते हृदय कुणासाठी चालवायचं?"

"सिस्टरना सांगते मी."

"ही चौसष्ट नावं होऊ दे. तीन आठवडे. मग नाही सोडणार कधी. तुझी शपथ."

"माझी कशाला? तुझी घे!"

त्यानं ब्रश पुन्हा उचलला.

"तू कुठं मोठी शहाणी? तुझी अँजिओग्राफीची तारीख कधी होती?"

चार महिन्यांपूर्वी होती. दरवर्षी मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या असतात. आदल्या वर्षी डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले होते, "इथं जरा लक्ष ठेवायला हवं." त्या एका 'जरा'नं तिची झोप उडवली होती. तारीख आली तेव्हा तिनं विद्यार्थ्यांच्या परीक्षा आहेत म्हणून पुढं ढकलली. मग लेकीला ताप होता म्हणून. मग कारणही दिलं नाही, नुसता फोन उचलला नाही. हे तिनं फक्त पेंटरला सांगितलं होतं, हसत हसत.

"तीन आठवडे," ती म्हणाली, आणि उठली.

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. घासलेली भांडी पुन्हा घासायची. पायऱ्या चढून गच्चीवर जायची, आणि तिथं काय करायचं ते न सुचून खाली यायची. विद्यार्थी वैतागले. एकानं तर विचारलं, मॅडम, आज गाडी तुम्हीच चालवता का? रोज सकाळी आठ वाजता स्वतःच्या गोळ्या तळहातावर घेतल्या की तिला पेंटरचा तळहात दिसायचा, रिकामा. फोन हातात घ्यायची, सिस्टरांचा नंबर काढायची, खाली ठेवायची.

नवरा सगळं बघत होता. सोळाव्या दिवशी संध्याकाळच्या गोळ्या पुढं करत म्हणाला, "कुणाचं ओझं घेऊन फिरतेयस?"

तिनं सांगितलं. पेंटरचं सांगितलं, मग अडखळत स्वतःच्या चुकवलेल्या तारखेचंही. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"तू त्याला शब्द दिलास," तो म्हणाला, "की त्याच्या आडून स्वतःला सूट दिलीस?"

सतराव्या दिवशी सकाळी तिनं गाडी रस्त्याच्या कडेला लावून सिस्टरना फोन केला. हृदय बदललेल्या सगळ्या पेशंटांच्या तारखा, रक्त, गोळ्या या एकाच सिस्टर सांभाळायच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. "आजच बोलावते," म्हणाल्या.

पेंटर आला तो दोन पायांवर चालत. कशाला बोलावलंय कळत नव्हतं. दुखत काहीच नव्हतं. थोडा दम लागायचा, तो टर्पेंटाईनच्या वासानं असेल असं त्यानं धरून चाललं होतं. संध्याकाळपर्यंत कळलं की हृदयाचा जोर निम्म्यावर आलाय. चिमट्यानं कण काढला, तर शरीरानं हृदयावर सगळीकडून हल्ला चढवलेला. तिथल्या तिथं भरती करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती भेटायला गेली. काचेच्या दारातून त्यानं तिला बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाहेर बाकावर थोरली बहीण बसली होती. हिचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला. "तू सांगितलंस म्हणून हाती लागला गं माझा भाऊ." आणि मग हात तसाच धरून, त्याच आवाजात, "सतरा दिवस का थांबलीस?"

ही हात न सोडवता तिच्या शेजारी बसली. ती तशीच बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा वेळ एका जागी.

जाताना सिस्टर जिन्यात भेटल्या. "हातासाठी?" त्या म्हणाल्या. त्यांना अजून विश्वास बसत नव्हता. "अगं, नुसत्या हातासाठी? त्याची वेगळी गोळी येते, दिवसातून एकदा घ्यायची, सावकाश विरघळणारी. कितीतरी लोकांची थरथर तिनं कमी होते. सांगायचं तर खरं!"

"सांगितलं होतं त्यानं."

"कुणाला?"

"तुमच्याच एका डॉक्टरला. पहिल्या वर्षी. चालायचंच, म्हणाले."

सिस्टर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यापासून तपासणीच्या कागदावर एक नवी ओळ आली: गोळ्यांमुळे तुमचं कुठलं काम अडतंय का? ती अजून आहे. मी स्वतः बघितली आहे.

पेंटर सव्वीस दिवसांनी घरी गेला. नव्या गोळीनं हाताची थरथर पुरती गेली नाही, पण पुष्कळ कमी झाली. केसासारखी रेघ नाही, पण मोठी अक्षरं चांगली यायला लागली.

तो दवाखान्यात असतानाच हिनं स्वतःची तारीख घेतली. या वेळी नवरा दुकान बंद ठेवून बरोबर आला, बहुतेक ती मागच्या दारानं पळेल म्हणून. पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं. हृदयाच्या एका रक्तवाहिनीची भिंत आतून जाड होत चालली होती. बदललेल्या हृदयांना वर्षं सरतात तसं हे होतं, आणि सगळ्यांत घातकी गोष्ट म्हणजे ते दुखत नाही.

"दुसऱ्यांच्या छातीत कळ येते, हात दुखतो, ते धावत येतात," डॉक्टर म्हणाले. "तुला कळ येणार नाही. कळ सांगणाऱ्या नसाच नाहीत. तुझ्यासाठी ही नळी म्हणजेच कळ."

"मी वेळेवर आले असते तर?"

"तर वेळेवर कळलं असतं." ते थोडं थांबले. "अजून फार उशीर झालेला नाही. पण पुन्हा असं करू नकोस."

एक गोळी बदलली, चरबी कमी करायची एक वाढवली. रोज पाऊण तास चालायचं. तेही एकदम निघायचं नाही, आधी दहा मिनिटं रमतगमत, म्हणजे हृदयाला निरोप पोचेल, आणि थांबतानाही हळूहळू. रमतगमत हा शब्द ऐकून तिचा चेहरा पडला. "ते सोडून काहीही सांगा," ती म्हणाली.

पेंटर पाच महिने बोलला नाही. मग एका दुपारी ती गाडी पुसत असताना येऊन उभा राहिला. गाडीवरच्या नावाकडे बघत म्हणाला, "हे कुणी काढलंय? स्टिकर?"

"स्टिकर."

"लाज वाटत नाही?"

"तू बोलत नव्हतास ना."

दार उघडून तो शेजारच्या सीटवर बसला. "अजून रागावलेलो आहे मी."

"राहा की."

"शाळेची चौसष्ट नावं झाली पुरी. शेवटची अकरा जरा जाड आलीत. कुणाला कळलं नाही. मला कळतं."

एवढंच. पुन्हा तो विषय दोघांनीही काढला नाही. तपासणीला बरोबर जायचे, व्हरांड्यात एकमेकांचे रक्ताचे आकडे विचारायचे, भांडायचे. पण त्या हल्ल्यानं जे करायचं ते करून ठेवलं होतं. पेंटरच्या रक्तवाहिन्या भराभर अरुंद होत गेल्या. दुसऱ्यांदा हृदय बदलायचा विषय निघाला, पण तोवर मूत्रपिंडंही थकली होती, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. नवव्या वर्षी, एका सकाळी, बहीण चहा घेऊन आली तर तो खुर्चीतच होता. समोर एका बेकरीची पाटी, खडूनं आखलेली, अजून रंग न लावलेली.

तिला बातमी कळली तेव्हा ती शिकवत होती. तिनं विद्यार्थ्याकडून चावी मागून घेतली, त्याला बसथांब्यावर सोडलं, आणि पेंटरच्या घराकडे वळली. वाटेत काहीच वाटत नव्हतं, म्हणाली. डोळे कोरडे. तिथं लोक जमले होते, ती कामाला लागली, कुणाला पाणी, कुणाला खुर्ची. सगळं आटोपून घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, हातात आठच्या गोळ्या असताना, ती स्वयंपाकघरात खाली बसली. लेक तेव्हा तेरा वर्षांची. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आधी गोळ्या घे. मग रड." तिनं घेतल्या. मग रडली.

मी तिला एकदा विचारलं, "कुणाचं चुकलं, असं वाटतं तुम्हाला?"

"रोज वेगळं वाटतं," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी त्या डॉक्टरचं. एखाद्या दिवशी त्याचंच. पावसाळी हवा असली की माझं. आता उजवीकडं इंडिकेटर द्या."

मी तिसऱ्या खेपेला पास झाले, आणि आमचं येणं-जाणं राहिलं. यंदाच्या तपासणीला मीही गेले होते. प्रतीक्षागृहात नवरा होता, शाळा बुडवून आलेली लेक होती, आणि पेंटरची थोरली बहीण होती. तिचं आता दवाखान्यात कुणी नाही, तरी हिच्या तारखेला ती येतेच. हिच्यापेक्षा जास्त प्रश्न तीच डॉक्टरांना विचारते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं होतं, या कोण? तर तीच म्हणाली, "मी हिची नणंद समजा." कुठल्या हिशोबानं नणंद ते कुणी विचारलं नाही.

या वेळी दोन तास लागले. हिला आत नेल्यापासून लेक नखं खात होती. नवरा चष्मा पुसत होता. मी उगीचच भिंतीवरची सूचना चार वेळा वाचली. शेवटी डॉक्टर बाहेर आले. रक्तवाहिनी मागच्या वर्षी होती तशीच आहे, वाढ थांबलेली दिसते. मूत्रपिंडांचा आकडा मात्र थोडा खाली आलाय. एक औषध कमी करून बघू, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

"म्हणजे चांगलं की वाईट?" लेकीनं विचारलं.

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले.

"थोडं म्हणजे किती खाली?" थोरल्या बहिणीनं विचारलं. "आणि औषध कमी केल्यावर हृदयाला चालेल ना? लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं. बहिणीनं कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला. नवऱ्यानं हात पुढं केला होता, तो तसाच मागं घेतला.

मनगटाला पट्टी बांधून ती बाहेर आली तेव्हा थोडी फिकट दिसत होती. सिस्टर म्हणाल्या, अर्धा तास बसून जा. ती बसली. चार मिनिटांनी म्हणाली, "झाला का अर्धा तास?" लेक म्हणाली, "नाही." ती पुन्हा बसली. मग समोरच्या बाकावरच्या एका माणसाला विचारायला लागली, तुमचं कितवं वर्ष? पहिलं? काय काम करता तुम्ही? सुतार? मग तोंडाला बांधता ना काही, भुसा उडतो तेव्हा? नाही? अहो! ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. लेकीनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले, आणि थोरल्या बहिणीनं पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "तिला नेऊन दे," ती म्हणाली, "बोलत सुटली की प्यायचं विसरते."